एल निनोच्या नावावर छाटणी ठरवू नका

भादवा सरत आला की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर या पट्ट्यात एकच प्रश्न ऐकू येतो. कृषी सेवा केंद्राच्या बाकावर, सोसायटीच्या ओट्यावर, औषध फवारून आलेल्या ट्रॅक्टरजवळ उभ्याउभ्या. "आण्णा, औंदा एल निनो हाय का ला निना?"

विचारणाऱ्याला हवामानशास्त्राची हौस नसते. त्याला द्राक्षबागेची फळछाटणी कधी घ्यायची ते ठरवायचे असते. आगाप घेतली आणि पाऊस आला नाही तर माल लवकर निघतो, दर सापडतो. आगाप घेतली आणि पाऊस आला तर वर्ष जाते. म्हणून तो त्या प्रश्नाच्या उत्तरावर हिशेब मांडतो: एल निनो (म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा गरम) असेल तर पाऊस कमी, मग घ्या छाटणी, ला निना (म्हणजे तेच पाणी गार) असेल तर पाऊस लांबणार, मग थांबा. हा हिशेब चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. शेतकरी एकटाच तो मांडत नाही. वर्तमानपत्रे, पुढारी आणि शासनाच्या आढावा बैठकाही वर्षाला एक नाव देऊन त्या नावावर अख्खा हिवाळा उरकून टाकतात. या सवयीची किंमत आपला सांगली जिल्हा मोजतो आहे.

गेल्या काही हंगामांकडे बघा. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये प्रशांत महासागर जवळजवळ तटस्थ होता, म्हणजे ना एल निनो ना ला निना. नावावर जाणाऱ्याने निर्धास्त राहावे असे ते वर्ष. पण त्या ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ उठले, ते विरायच्या आतच 'महा'. ऑगस्टच्या महापुरातून सांगली शहर अजून सावरत होते, आणि ज्या पूर्व भागाला त्या पुराचा थेंबही लागला नव्हता तिथल्या बागांत घड कुजायला लागले. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी फळबागांसाठी हेक्टरी 18,000 रुपये जाहीर केले, तेही दोन हेक्टरपर्यंत. ज्याने द्राक्षाची बाग एक हंगाम जरी सांभाळली आहे त्याला या रकमेत किती फवारण्या बसतात ते सांगायला नको.

2020 ला निनाचे. 13 ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातला खोल कमी दाबाचा पट्टा काकीनाडाजवळ जमिनीवर आला आणि विरून न जाता तेलंगण, उत्तर कर्नाटक, सोलापूर, पंढरपूर असा थेट आपल्या अंगावरून अरबी समुद्रात उतरला. 2021 पुन्हा ला निनाचे, पण त्या वर्षी घाव बसला तो 1 आणि 2 डिसेंबरला, घडांत मणी धरले असताना. त्याच गार पावसात पुणे जिल्ह्यात मेंढ्या मेल्या. माणदेशातून दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडणाऱ्या धनगरांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. आणि 2023 हे तर कडक एल निनोचे वर्ष. त्या सालचा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हिशेबाप्रमाणे पुढचा हिवाळा कोरडा जायला हवा होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात राज्यात पाऊस झाला, नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात गारा पडल्या.

तटस्थ वर्ष, ला निना, पुन्हा ला निना, एल निनो. नाव कोणतेही असो, द्राक्षाला पाण्याने गाठले. घराण्याचे नाव कळले म्हणून माणसाचा स्वभाव कळत नाही, तसेच हे आहे.

याचा अर्थ एल निनो ही थाप आहे, असा कुणी घेऊ नये. दूरच्या समुद्राचा आपल्या पावसाशी संबंध आहे, हे शोधून काढण्याचे काम तर भारताच्या हवामान खात्यातच झाले. गिल्बर्ट वॉकर 1904 मध्ये या खात्याचे प्रमुख म्हणून आले, 1924 पर्यंत राहिले. मोसमी पावसाचे भाकीत करता यावे म्हणून त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि प्रशांत महासागराच्या पूर्व व पश्चिम टोकांवरचा दाब एकमेकांच्या उलट वर-खाली होतो हे दाखवले. पुढे खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. पण वॉकरांचा सगळा शोध होता जून ते सप्टेंबरच्या पावसासाठी. त्या चार महिन्यांपुरते एल निनोचे नाव आजही कामाचे आहे. कोयना किती भरेल, टेंभू-म्हैसाळ-ताकारी या उपसा सिंचन योजनांच्या पंपांना उन्हाळ्यात पाणी किती उरेल, याचा अदमास घ्यायला ते जरूर वापरावे. नेमका तोच अदमास आपण घेत नाही, आणि जिथे ते नाव फारसे लागू पडत नाही तिथे त्याच्यावर छाटणीची तारीख टांगतो.

हिवाळ्यातला पाऊस आपल्याकडे येतो कसा, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. ऑक्टोबरमध्ये मोसमी वारे माघारी फिरतात आणि वारा ईशान्येकडून वाहू लागतो. तमिळनाडूचा खरा पावसाळा तो हाच. त्याच्या वायव्य टोकाचे शेपूट कधी जत-आटपाडीपर्यंत पोहोचते, कधी विजापूरलाच थबकते. एल निनोच्या वर्षी तमिळनाडूत हा पाऊस सहसा जास्त होतो. 2015 ला चेन्नई बुडाली ती कडक एल निनोत. 2016 ला हलकी ला निना होती आणि तिथे भीषण तूट आली. इथवर गणित जुळते. मग 2021 ला ला निना असूनही तमिळनाडूत धो धो पाऊस झाला. खुद्द तमिळनाडूत ही गत, तर आपण त्या पावसाच्या काठावरची माणसे. आपल्या वाट्याला येते ते एखाद-दुसऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याचे दान, आणि तो पट्टा शंभर किलोमीटर वर सरकला की खाली, यावर सगळे ठरते.

दुसरी वाट अरबी समुद्राची. इथे प्रशांत महासागरापेक्षा आपल्या घरच्या समुद्राचे म्हणणे जास्त चालते. हिंदी महासागराचा पश्चिम भाग, म्हणजे आफ्रिकेकडचा, नेहमीपेक्षा गरम आणि इंडोनेशियाकडचा गार, अशी स्थिती झाली की तिला शास्त्रज्ञ धन द्विध्रुव म्हणतात. 1999 मध्ये तिचे नीट वर्णन झाले. 2019 ला हा द्विध्रुव नोंदींतल्या सर्वांत तीव्र प्रसंगांपैकी एक होता. एल निनो आहे का, एवढेच विचारणाऱ्याला 2019 चा हिवाळा कळूच शकला नसता, कारण प्रश्न चुकीच्या समुद्राला विचारला जात होता. त्यात अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवून दिले की 2001 ते 2019 या काळात या समुद्रातली चक्रीवादळे त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली. वादळ ओमानला जावो नाहीतर गुजरातला, जाताना ते बाष्प सह्याद्रीच्या अलीकडे ढकलते.

तिसरी वाट वायव्येची. भूमध्य समुद्राकडून निघणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळाभर काश्मीर-हिमाचलावर बर्फ आणि पंजाबच्या गव्हावर पाऊस टाकत असतात. एरवी त्यांचा आपला संबंध फक्त थंडीपुरता. पण कधीकधी वरच्या हवेतल्या त्या झोताला दक्षिणेकडे मोठा बाक येतो, वरून गार कोरडी हवा दख्खनवर उतरते, आणि त्याच वेळी खाली उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून ओलसर हवा आलेली असते. दोन्हींची गाठ पडली की विजा, वादळ, गारा. 2014 च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राला गारपिटीने झोडपले ते असेच. ही गाठ आपल्या डोक्यावर पडेल की नगरवर, हे ऑगस्टमध्ये जगातला कोणताही शास्त्रज्ञ सांगणार नाही. वर्षाचे नाव तर नाहीच नाही.

मग सांगता काय येते? या सगळ्यांच्या जोडीला विषुववृत्ताजवळून ढगांचा एक मोठा समूह पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असतो, त्याचा फेरा साधारण 30 ते 60 दिवसांचा. मॅडन आणि जूलियन यांनी तो 1971 मध्ये ओळखला. तो हिंदी महासागरावर आला की आपल्या दोन्ही समुद्रांत कमी दाबाचे पट्टे तयार व्हायला बळ मिळते. तो कुठे आहे आणि कुठे चालला आहे हे दोन-तीन आठवडे आधी बऱ्यापैकी सांगता येते. हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढते. तो फुकट आहे, सार्वजनिक आहे, आणि पहिल्या दोन आठवड्यांपुरता तरी कामाचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी किती जणांनी तो पाहिला असेल? तो इंग्रजी नकाशांत आणि देशाच्या पातळीवर असतो. सांगलीच्या शेतकऱ्याच्या मोबाइलपर्यंत येताना त्याची जागा "येत्या आठवड्यात धो धो" असल्या व्हिडिओंनी घेतलेली असते.

हा पूल बांधण्याची सोय होती. जिल्हा कृषी हवामान केंद्रे म्हणून देशभर 199 केंद्रे उभी केली होती, त्यांचे काम स्थानिक भाषेत, तालुक्याच्या पातळीवर, पिकाच्या अवस्थेप्रमाणे सल्ला देण्याचे. 2024 मध्ये ती बंद करण्यात आली. ज्या काळात हिवाळ्याचा पाऊस जास्त लहरी होतो आहे त्याच काळात अंदाज आणि शेत यांच्यामधला माणूस काढून टाकणे, याला मी चूक म्हणतो. हे काम एखाद्या अ‍ॅपवर सोपवता येत नाही. सल्ला देणाऱ्याला पोंगा अवस्था (छाटणीनंतरचा कोवळा फुटवा) म्हणजे काय आणि फुलोऱ्यात पाणी म्हणजे काय, हे डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते.

कारण इथे मिलिमीटर सगळे सांगत नाहीत. छाटणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी बाग फुलोऱ्यात येते. त्या दिवसांत संध्याकाळी चार थेंब पडले, रात्रभर ढग राहिले, पहाटे धुके उतरले आणि ऊन नऊ-दहापर्यंत आलेच नाही, तर पर्जन्यमापकात दोन-तीन मिलिमीटर दिसतील. पण पान आणि घड रात्रभर ओले राहतील. डाऊनी या बुरशीच्या रोगाला तेवढेच हवे असते. पानाच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी दिसेपर्यंत काम झालेले असते. याउलट दुपारी पंधरा मिलिमीटरची सर पडून लगेच वारा सुटला, ऊन पडले, तर बाग निभावून जाते. म्हणून पावसानंतर आमच्याकडे माणसे पहाटे बॅटरी घेऊन बागेत शिरतात आणि तारेला हलके हिसके देत वेलीवेलीवरून घडांतले पाणी झटकतात. मागून ब्लोअर नुसत्या हवेवर फिरवतात. त्यांना माहीत असते की शत्रू ओलावा किती तास टिकला हा आहे, पाऊस किती पडला हा नाही.

पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच बेदाण्याच्या शेडवर. रॅकवर एकावर एक जाळ्या, त्यावर डिपिंग करून (द्रावणात बुडवून) पसरलेली द्राक्षे, बाजूला हिरवी नेट. सुकायला दोन आठवडे तरी लागतात. त्यात दोन दिवस ढगाळ गेले आणि हवेत दमटपणा राहिला, तर पाण्याचा एक थेंब आत न येताही मालाचा रंग जातो. हिरवा बेदाणा आणि काळपट बेदाणा यांच्या सौद्यातल्या दरात जो फरक पडतो त्यात एखाद्या घराचे कर्ज फिटते किंवा थकते.

आता शासनाचा हिशेब पाहा. पाऊस सरासरीच्या किती टक्के, हे एकच माप. उणे 19 ते अधिक 19 टक्के म्हणजे सामान्य, त्यावर जास्त, त्याखाली कमी. जून-सप्टेंबरसाठी ते ठीक आहे. पण सातारा-सांगलीच्या पूर्व भागात जानेवारी-फेब्रुवारीची सरासरीच जेमतेम काही मिलिमीटर. समजा सरासरी चार आहे आणि बारा पडला. कागदावर 200 टक्के जास्त! दुसऱ्या वर्षी काहीच पडला नाही, तर उणे 100 टक्के, म्हणजे कागदावर भीषण. शेतात मात्र ते द्राक्षवाल्याचे सर्वांत सुखाचे वर्ष. अशा टक्केवारीतून धोरण निघू शकत नाही. तरी आढाव्याच्या तक्त्यात तीच असते.

हवामानावर आधारित फळपीक विमाही त्याच मापावर चालतो. ठरावीक तारखांच्या दरम्यान, महसूल मंडळाच्या केंद्रावर, ठरावीक मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर भरपाई. केंद्र एका गावात, ढग दुसऱ्या गावावर. जत तालुक्याचा विस्तार ज्याने पाहिला आहे त्याला कळेल की एका मंडळात या टोकाला भिजलेले आणि त्या टोकाला धूळ उडते असे एकाच संध्याकाळी घडते. आणि पान किती तास ओले राहिले, याला त्या करारात जागाच नाही. पान ओले असल्याचे मोजणारा सेन्सर ही काही आकाशातली वस्तू नाही. आपल्या भागातल्या कितीतरी बागायतदारांनी स्वतःच्या खर्चाने बागेत यंत्रे बसवली आहेत. ज्याला परवडते त्याच्याकडे नोंद आहे, ज्याला परवडत नाही त्याच्याकडे पंचनामा आहे.

इथे एक गोष्ट बागायतदारांनाही सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मला बरे वाटत नाही. परतीचा पाऊस आपल्या भागाला परका नाही. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" ही म्हण ज्या शेतीतून आली ती शेती ऑक्टोबरच्या पावसाची वाट पाहत होती. माण, खटाव, जत, आटपाडीचा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, त्याच ओलीवर उभा राहतो. हस्त-चित्रा कोरड्या गेल्या तर कणसात दाणा भरत नाही, कडबा होत नाही, जनावरे विकावी लागतात. आजही एकाच घरात एका रानात शाळू आणि दुसऱ्या रानात थॉम्पसन द्राक्ष असते, आणि एकाच ढगाकडे थोरला भाऊ आशेने बघतो, धाकटा धास्तीने. पाऊस लहरी झाला हे खरे. पण आपण त्याच्या वाटेत जे उभे केले तेही बदलले. उपसा सिंचनाचे पाणी आले, बाग आली, कर्ज आले, आणि पूर्वी ज्या सरीने घर भरत होते ती सर आता घर बसवते. म्हणून "पाऊस बंद व्हावा" ही मागणी होऊ शकत नाही. दोन्ही रानांना वेळेवर खबर मिळावी, ही होऊ शकते.

हरभऱ्याचेही तसेच. पेरणीनंतरच्या ओलीला सगळे हात जोडतात, पण फुलात असताना पाऊस झाला की पानावरची आंब (आंबट खार) धुऊन जाते आणि घाटे अळी माजते. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला नोव्हेंबरचा पाऊस म्हणजे तोडणीला आलेले फळ मातीत. आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नाही त्यांचे काय? दिवाळीनंतर कारखान्यांच्या फडावर बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबे पाचटाच्या खोप्यांत राहतात. डिसेंबरच्या रात्री पाऊस आला की पहिले भिजते ते त्यांचे पीठ आणि लेकरांचे अंथरूण. फडात गाडी जात नाही, तोड थांबते, त्या दिवसांची मजुरी बुडते. त्यांच्या नुकसानीचा पंचनामा होत नाही, कारण त्याचा रकानाच नाही. अंदाज तीन दिवस आधी कारखान्याच्या शेती खात्याच्या हातात असतो. खोप्या उंचवट्यावर हलवायला, ताडपत्र्या वाटायला तेवढे दिवस पुरेसे आहेत.

यावर काही जण म्हणतील, अंदाज चुकतात. चुकतात, खरेच. दोन आठवड्यांपुढचा अंदाज हा शक्यतेच्या भाषेतच असतो: शंभरात साठ, शंभरात सत्तर. पण शेतकरी शक्यतेवरच जगतो. अख्ख्या गावाने एका आठवड्यात छाटणी उरकायची की तीन टप्प्यांत विभागायची, हा निर्णय शक्यतेवरच घ्यायचा असतो. पहिल्या पंधरवड्यात पावसाची शक्यता जास्त दिसत असेल तर निम्मी बाग मागे ठेवता येते. मजूर आणि डिझेल आधी बघून ठेवता येते. बेदाण्याची द्राक्षे तोडून जाळीवर टाकायची की चार दिवस वेलीवर ठेवायची, हेही. यातल्या कशालाही वर्षाच्या नावाची गरज नाही. आणि प्लास्टिक आच्छादन हा एकच उपाय असे सांगणाऱ्यांनी एकरी काही लाखांचा खर्च दोन एकरवाल्याने कुठून आणायचा, तेही सांगावे.

केंद्र सरकारने 2023 मध्ये विंड्स नावाची योजना आणली, तालुक्याला स्वयंचलित हवामान केंद्रे आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक बसवण्याची. यंत्रे बसतील तेव्हा आपल्या ग्रामपंचायतींनी तीन गोष्टी लावून धराव्यात असे मला वाटते. द्राक्षपट्ट्यात नुसता पर्जन्यमापक न घेता पान ओले राहण्याचे तास आणि आर्द्रता मोजणारे यंत्र घ्यावे. त्याची दर तासाची नोंद गावच्या फलकावर आणि मोबाइलवर सर्वांना खुली असावी, विमा कंपनीला दिसते तेवढीच शेतकऱ्यालाही दिसावी. आणि ऑगस्टच्या ग्रामसभेत, म्हणजे छाटण्या सुरू व्हायच्या आधी, विम्याच्या अटी मराठीत वाचून दाखवल्या जाव्यात: कोणत्या तारखा, कोणते केंद्र, किती पाऊस, किती दिवस. ग्रामसभेत सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) हजर असतोच. गुरुवारचा अंदाज मराठीत करून सांगायला त्याला दहा मिनिटे लागतील. ते त्याच्या कामात लेखी नेमून द्यावे लागेल, आणि त्यासाठी बंद पडलेल्या केंद्रांतला निदान एक हवामानतज्ज्ञ जिल्ह्याला परत मिळाला पाहिजे. ही मागणी घेऊन यंदा छाटणीच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात जायला द्राक्ष बागायतदारांबरोबर शाळूवाला, मेंढरांचा मालक आणि ऊसतोडीचा मुकादम असे सगळे एकत्र असले, तर तिचे वजन वेगळे पडेल.